वाळू विभागातला एक

आमच्या कॉलेजात एम.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला संशोधनपद्धती हा विषय असतो आणि गेली बरीच वर्षं तो माझ्याकडे आहे. त्यात उत्तरं देणाऱ्याची ओळख गुप्त ठेवण्याबद्दल चार पानांचं एक प्रकरण आहे. ते मी कधीच शिकवत नाही. त्या आठवड्यात सहकाऱ्याशी तास बदलून घेतो. तो म्हणतो, "एवढं सोपं प्रकरण, तुम्हीच उरकून टाका की." मी म्हणतो, "तुम्ही ते छान शिकवता." खरं कारण मी त्याला सांगितलेलं नाही.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी नगरला अधिव्याख्याता म्हणून लागलो होतो, पण तात्पुरता. एम.फिल. झाल्याशिवाय नोकरी कायम होणार नाही, असं प्राचार्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. लग्नाला वर्ष झालं होतं. वडील शेवगावला होते, शाळेतल्या हेडक्लार्कच्या जागेवरून निवृत्त झालेले. त्यांच्या प्रत्येक पोस्टकार्डाच्या शेवटी पत्त्याच्या रेघेला चिकटून एक ओळ असायची, "कायम झालास का ते कळव."

उद्योजकता हा शब्द तेव्हा नवा नवा सगळीकडे ऐकू येत होता. माझ्या मार्गदर्शकांनी विषय दिला तो त्यावरूनच. लघुउद्योगातल्या कामगारांचा कामाकडे बघण्याचा दृष्टिकोन, आणि त्यांच्यातल्या किती जणांना स्वतःचं काही काढावंसं वाटतं, याचा अभ्यास. त्यासाठी मला एक कारखाना हवा होता. एमआयडीसीत पंपांचे भाग ओतणारी एक फाउंड्री होती, साठ-सत्तर कामगारांची. मालक इंजिनियर होते, बोलायला मऊ. मी अर्ज घेऊन गेलो तर त्यांनी तो वाचलाही नाही. "या की सर, कधीही या. आमची माणसं काय विचार करतात ते आम्हाला कुठं कळतं?" म्हणाले.

दोन महिने मी तिथे जात राहिलो. प्रश्नावली द्यायच्या आधी काम नीट बघून घ्या, असं मार्गदर्शकांनी सांगितलं होतं. मला काम बघायला सगळ्यात आवडायचं ते वाळूच्या खात्यात. पंपाचं पोट आतून पोकळ लागतं, म्हणून साच्याच्या मध्ये वाळूचाच एक भाजलेला आकार ठेवतात. त्याला कोअर म्हणतात. वरून लोखंड ओततात, आणि ते थंड झालं की आतली वाळू फोडून काढतात. कोअर ओलसर राहिला तर वाफ धरून लोखंडात भोकं पडतात. फार कोरडा झाला तर ओततानाच ढासळतो. वाळूत पाणी किती, साखर कारखान्याची मळी किती, हे सगळं एका माणसाच्या हातात होतं.

तो पारनेरकडचा. वय चाळिशीच्या अलीकडे, नोकरी सतरा वर्षांची. त्याचे वडील त्याच गावात दुसऱ्याच्या शेतावर राबले होते. धम्म घेतल्यानंतरच्या पिढीतला हा घरातला पहिला पगारदार. त्याच्या हाताखाली दोन हेल्पर होते, पण ते दर वर्षा-दोन वर्षांनी बदलायचे. वाळूची मूठ त्याच्याशिवाय कुणी भरायचं नाही. तो मूठ आवळायचा, उघडायचा, गोळ्यावर बोटांचे वळ उठलेत का बघायचा, मग दोन्ही अंगठ्यांनी गोळा मधोमध मोडायचा.

"पाणी किती टाकता?" मी वही उघडून विचारलं होतं.

"ती मागंल तेवढं."

"म्हणजे अंदाजे?"

"आज ढग हाय. आज कमी मागती." मग माझ्या वहीकडे बघून म्हणाला, "लिहा ना सर. ढग, म्हणून लिहा."

मी लिहिलं.

त्याचा एकच दोस्त होता, भट्टीवाला. पुणतांब्याकडचा, उंच, सदा घामेजलेला. लोखंड वितळवायचं काम त्याचं. दोघं दुपारी वाळूच्या ढिगामागे सावलीत बसून डबे खायचे, म्हणजे एकमेकांचे खायचे. ह्याची भाकरी त्याच्याकडे, त्याचं कालवण ह्याच्याकडे. माझ्या लहानपणच्या शेवगावात अशा दोन घरांतले डबे असे उलटसुलट होताना मी पाहिले नव्हते, म्हणून ते लक्षात राहिलं. त्यांच्या लेखी त्यात काही विशेष नव्हतं. त्यांचं भांडण मात्र रोजचं होतं. एखादं कास्टिंग भोकं पडून नापास झालं की भट्टीवाला ओरडायचा, "वल्ली वाळू दिली का लेका पुन्यांदा?"

"तुजं लोखंडच गार. पेज हाय का लोखंड ती?"

"पेज पिऊन बघ मंग."

सगळे हसायचे. मी हेसुद्धा टिपून घेतलं, 'सहकाऱ्यांमधील परस्परसंबंध' या मथळ्याखाली.

माझी प्रश्नावली मराठीत होती. तीस विधानं, प्रत्येकासमोर पाच चौकटी, पूर्णतः सहमतपासून पूर्णतः असहमतपर्यंत. वर विभाग आणि नोकरीची वर्षं. नाव नाही. शेवटी एकतिसावा प्रश्न, मार्गदर्शकांच्या सांगण्यावरून घातलेला: स्वतःचा व्यवसाय सुरू करण्याचा विचार आहे काय? असल्यास कोणती तयारी केली आहे ते लिहा. पहिल्या दिवशी वीसेक फॉर्म भरून आले आणि मी हबकलो. सगळ्यांनी सगळीकडे पहिल्याच चौकटीत खूण केली होती. पगार समाधानकारक आहे, पूर्णतः सहमत. पगार अपुरा आहे, पूर्णतः सहमत.

"असं का केलंत?" मी विचारलं.

एक जण म्हणाला, "तुमची परीक्षा हाय ना सर? कमी मार्कं कशाला द्यायची?"

मग मी एकेकाजवळ बसून फॉर्म भरून घेऊ लागलो. आणखी एक गोष्ट सगळ्यांनी केली होती. खाली उरलेल्या कोऱ्या जागेत सही. मी वर ठळक लिहिलं होतं की नाव लिहू नये, सही करू नये. तरी प्रत्येक फॉर्मवर सही होती. दोघांचे अंगठे होते, शाई कुठून आणली कोण जाणे.

वाळूवाल्याचा फॉर्म मी त्याच्याशेजारी पोत्यावर बसून भरून घेतला. त्यानं विधानं नीट वाचली, विचार करून खुणा केल्या. एकतिसाव्या प्रश्नाला 'होय'वर खूण करून त्यानं पेन खाली ठेवलं. त्याचा बेत मला ओझरता ठाऊक होता. गावी स्वतःच्या तुकड्यावर कोअरचं शेड काढायचं त्याच्या मनात होतं. पण तोवर माझ्याकडे सगळे फॉर्म 'नाही'चे होते. उद्योजकतेवरचा प्रबंध आणि त्यात एकही उद्योजक नाही, अशी माझी अडचण होती.

"खाली चार ओळी लिहा ना," मी म्हणालो.

"लिहायचं? कोन बघल?"

"मी आणि माझे मार्गदर्शक. दुसरं कुणी नाही."

"शेठ?"

"मुळीच नाही. माझा शब्द."

तो थोडा वेळ ढिगाकडे बघत बसला. मग म्हणाला, "ह्यातलं घरात ठाऊक हाय, माल घेनाऱ्याला, आन भट्टीवाल्याला. चौथे तुमी." आणि नववीपर्यंत शिकलेल्या माणसाच्या नीटस अक्षरात त्यानं लिहिलं की शेडचे खांब उभे झाले आहेत, थ्री फेजची लाइन मिळाली आहे, फाउंड्रीच्या रस्त्यापलीकडे पंप बनवणाऱ्या कारखानदारानं सगळे कोअर घेण्याचं तोंडी कबूल केलं आहे, आणि दिवाळी झाली की नोकरी सोडायची. खाली सही केली आणि सहीखाली रेघ मारली.

"अहो, सही नको."

"असू द्या. सही न्हाई त्यो कागूद कशाचा? मी लिवलंय ते मी लिवलंय."

दसऱ्याच्या सुमाराला माझे तक्ते तयार झाले. आता माहिती संकलन पूर्ण झाल्याचं पत्र कारखान्याच्या लेटरहेडवर हवं होतं, त्याशिवाय लघुप्रबंध दाखल करता येत नव्हता. मी मालकांकडे गेलो. त्यांनी चहा मागवला.

"पत्र देतो की. एक काम करा, ते फॉर्म दोन दिवस माझ्याकडं ठेवा. आपली माणसं, आपल्याला नको का कळायला? आणि नावं थोडीच आहेत त्यांच्यावर."

"नावं नाहीत," मी म्हणालो. सह्या आहेत हे म्हणालो नाही. "उद्या-परवा आणतो."

रविवारी दुपारी मी जमिनीवर बसून कात्रीनं सगळ्या फॉर्मांचा खालचा भाग कापून काढला. बायकोनं विचारलं काय करताय, तर म्हणालो, गोपनीयता. मला त्या शब्दाचं तेव्हा समाधान वाटलं होतं. कापलेल्या पट्ट्या एका पाकिटात भरून ठेवल्या. त्या फेकून का दिल्या नाहीत, माहीत नाही. सही असलेला कागद फेकायचा नसतो असं आमच्या घरातही होतंच.

इथपर्यंतचं मी मित्रांना एक-दोनदा सांगितलं आहे. पुढचं नाही.

फॉर्मच्या वर विभाग आणि नोकरीची वर्षं तशीच होती. माझा एक तक्ता नेमका त्यावरच होता: उभे रकाने नोकरीच्या वर्षांचे, आडव्या ओळी विभागांच्या. वाळू विभाग, पंधरा वर्षांहून अधिक, या चौकोनात मी स्वतःच्या हातानं १ लिहिलं होतं. तो तक्ता त्या रविवारी माझ्यासमोरच पडला होता. कापता कापता माझी नजर त्या एकवर गेली, थांबली, आणि मी कापत राहिलो. वरचा भाग कापला तर पुढे आकडे पडताळता येणार नाहीत, असं मी स्वतःला सांगितलं. ते खोटं होतं. पडताळणी झालेली होती. खरं असं होतं की वरून-खालून कापलेले कागद नेले तर मालक हसतील, किंवा रागावतील, आणि पत्र लांबेल. त्याचा एकच फॉर्म काढून ठेवता आला असता. तेही सुचलं होतं.

दोन दिवसांनी फॉर्म परत मिळाले, त्याच सुतळीनं बांधलेले. मी गठ्ठा विभागवार लावला होता, वर ग्राइंडर विभाग होता. आता सगळ्यात वर वाळू विभागातला त्याचा फॉर्म होता आणि त्याच्या मधोमध घडीची रेघ होती. बाकी एकाही कागदाला घडी नव्हती.

"छान काम केलंत," मालक म्हणाले. पत्र तयार होतं, शिक्क्यासह. "मी पण एके ठिकाणाहून असाच निघालो होतो, सर. जुन्या साहेबांचं एक गिऱ्हाईक सोबत घेऊन. माणूस निघताना काय काय घेऊन निघतो, ते मला चांगलं ठाऊक आहे."

मी चहा संपवला, पत्र घेतलं आणि आभार मानून घरी आलो.

दिवाळीनंतर पहिल्याच आठवड्यात वाळूवाल्याची बदली ग्राइंडरवर झाली. कास्टिंगच्या कडा घासायच्या, दिवसभर ठिणग्या आणि धूळ. कारण सांगितलं नाही. मला हे कळलं ते तो स्वतः घरी आला तेव्हा. थंडीतली रविवारची सकाळ होती, तो सायकल दामटत आला होता आणि पिशवीत हुरड्याची कणसं होती. बायकोनं चहा टाकला. तो खुर्चीवर बसेना, मी आग्रह केल्यावर कडेला बसला.

"दिवाळीच्या आधीच समोरच्या पंपवाल्यानं न्हाई म्हणलं, सर. म्हणला, तुझ्या शेठचा फोन आल्ता. आमचं आपसात ठरलंय, एकमेकांची मानसं फोडायची न्हाईत." त्यानं कपाची कड बोटानं पुसली. "खांब उभं राहून ऱ्हायल्यात. शेडवर पत्रं टाकायचं थांबीवलं."

"पण शेठना कळलं कसं?" बायकोनं विचारलं. तिला काहीच माहीत नव्हतं.

"कसं म्हंजे? पंपवाला सोडून एकालाच म्हाईत हुतं भाईर. भट्टीवाल्याला." तो शांतपणे म्हणाला. "तुला चार्जमन करतो म्हणलं आसंल त्याला शेठनं. दिवाळीला त्यो घरी आल्ता फराळाला. मी दार उघडलं न्हाई. आता डब्याला बी हात लावत न्हाई त्याच्या."

मी म्हणालो, "तोच कशावरून? नक्की माहीत नसताना..."

"मंग दुसरं कोन? तुमी?"

असं म्हणून तो हसला. बायको हसली. आणि मीही हसलो. आयुष्यात मी काही लहानमोठी खोटं बोललो असेन, पण ते हसणं मला सगळ्यांत जास्त छळतं. सांगायची जागा तीच होती. त्यानं ती जवळजवळ माझ्या हातात आणून दिली होती.

तो आला होता वेगळ्याच कामासाठी. शेड सोडायचं त्याच्या मनात नव्हतं. लांबचं गिऱ्हाईक शोधतो म्हणाला, पण आता बँकेचं कर्ज लागणार होतं आणि त्यासाठी प्रकल्प अहवाल हवा होता. "तुमी कॉमर्सचे. लिहून द्याल का?" मी लगेच हो म्हटलं. इतक्या तत्परतेनं की तो म्हणाला, "देव मानूस हायसा." त्यानंतर कित्येक रविवार मी त्याचा अहवाल लिहीत बसलो. विद्यापीठाला दिलेल्या प्रबंधापेक्षा त्या अहवालावर मी जास्त मेहनत घेतली. आपण फेड करतो आहोत असं मला वाटायचं. खरं तर मी त्याच्या कामात बुडून त्याच्यापासूनच लपत होतो.

इकडे फाउंड्रीत कोअर बिघडायला लागले. नव्या माणसाला वाळू जमेना, नापास कास्टिंगचा ढीग वाढला. मालकांनी मला बोलावलं. "सर, तुमचा विषयच आहे हा. त्याच्या हातात जे आहे ते कागदावर उतरवून द्या. किती पाणी, किती मळी, किती वेळ. माणूस गेला तरी ज्ञान कारखान्यात राहिलं पाहिजे." विचार म्हणून त्यात काही चूक नव्हतं. आज मी हेच वर्गात शिकवतो. पण मालकांना त्याचं ज्ञान हवं होतं, आणि त्याला वाळूवर परत घ्यायचं नव्हतं.

मी वही घेऊन ग्राइंडरपाशी गेलो. त्यानं मशिन बंद केलं, चष्मा कपाळावर चढवला.

"पाणी किती टाकायचं?" मी विचारलं.

"पूर्नतः सहमत," तो म्हणाला.

"मळी?"

"काही अंशी सहमत."

"भाजायचं किती वेळ?"

"सांगता येत न्हाई. चौथी चौकट हाय का तिसरी ती, सर?" आणि तो इतका हसला की चष्मा घसरून नाकावर आला. शेजारचे दोघे-तिघेही हसले. पलीकडे भट्टीपाशी भट्टीवाला उभा होता. तो बघत होता, हसत नव्हता. पूर्वी असता तर त्यानंच पहिली टोमण्याची भर घातली असती.

मी मालकांना सांगितलं की तो काही बोलत नाही. माझ्या जुन्या वहीत बरंच काही टिपलेलं होतं, मुठीचं, मळीच्या वासाचं, ढगांचं. ती वही मी दिली नाही. त्यानं झालेलं काही फिटत नव्हतं, पण निदान दुसऱ्यांदा दिली नाही.

माझा लघुप्रबंध मान्य झाला. नोकरी कायम झाली. मी वडिलांना पत्र लिहिलं, त्यांनी उलट टपाली आशीर्वाद पाठवले आणि त्या कार्डाच्या शेवटी पहिल्यांदाच ती ओळ नव्हती.

त्याचं कर्ज मंजूर व्हायला दीड वर्ष गेलं. मग एका रविवारी उद्घाटनाचं आमंत्रण घेऊन तो आला, आणि फीत मीच कापायची असं त्यानं परस्पर ठरवून टाकलं होतं. "तुमचा अहवाल नसता तर बँक दारात उभी करती का मला?" मी नको म्हटलं तर त्याला तो माझा नम्रपणा वाटला.

उद्घाटनाच्या दिवशी निघताना मी कपाटातलं पाकीट काढून त्याच्या सहीची पट्टी शोधली आणि खिशात टाकली. याआधीही तीन-चार वेळा ती खिशात घालून त्याला भेटलो होतो आणि तशीच परत आणली होती. या वेळीही तसंच होईल असं मनात कुठंतरी होतंच.

गावाबाहेर, माळाच्या कडेला शेड होतं. पत्र्याचं छप्पर, विटांची भाजायची भट्टी, लाकडी साचे ओळीनं लावलेले. कोपऱ्यात गव्हाच्या भुशाची पोती. गिऱ्हाईक दुसऱ्या जिल्ह्यातलं मिळालं होतं, कोअर भुशात रचून टेम्पोनं जाणार होते. "निम्मं वाटंत फुटत्याल," तो म्हणाला, "पन निम्मं तर पोचत्याल." फाउंड्रीसमोरचा पंपवाला असता तर ते तास-दीड तासात नगरला पोचले असते. टेम्पोचे ते हेलपाटे संपून जवळचं गिऱ्हाईक मिळायला त्याला पुढं चार वर्षं लागली. ती चार वर्षं माझ्याकडून गेली असं मी धरतो.

गावातली मंडळी जमली होती. वंदना झाली. मग एका ताटात कात्री आणि झेंडूची दोन फुलं ठेवून त्याची बायको माझ्यासमोर आली. शिंप्याकडून आणलेली मोठी कात्री होती. मी ती उचलली आणि मला कापता येईना. लोक वाट बघत होते. मी त्याला म्हणालो, "जरा बाजूला येता का?"

शेडमागे वाळूचा ढीग होता. तिथे उभं राहून मी त्याला सगळं सांगितलं. फॉर्म, मालकांची मागणी, कात्री, तक्त्यातला एक, घडीची रेघ. खिशातली पट्टी काढून दिली. त्यानं ती दोन बोटांत धरून बघितली.

"ही माजी सही," तो म्हणाला.

"हो."

"म्हंजे भट्टीवाल्यानं..."

"त्यानं कुणाला काही सांगितलं नव्हतं."

त्यानं पट्टी उलटी करून बघितली, पुन्हा सुलटी केली. मग म्हणाला, "तुमच्या घरी बसल्तो मी. चहा पीत. हसल्तो आपुन."

"हो."

"तवा सांगायचं हुतं, सर."

"हो."

"नोकरी झाली कायम?"

"झाली."

त्यानं मान हलवली. राग दिसला असता तर मला सोपं गेलं असतं. पुढून त्याच्या बायकोची हाक आली, "अवो, लोकं उभी हायत!" त्यानं माझ्या हातातली कात्री घेतली, चार पावलं गेला आणि परत वळून पट्टी माझ्यासमोर धरली.

"ही त्याला नेऊन दावा. मी सांगितलं तर त्याला वाटंल, माफी मागायला सबब शोधली. तुमी जावा." मग जरा थांबून म्हणाला, "जेवून जावा पन. उपाशी कुनाला घालवत न्हाई आमी."

फीत त्याच्या बायकोनं कापली. मी पंगतीत बसलो, वाढलेलं सगळं खाल्लं. तो वाढायला फिरत होता. माझ्या ताटात त्यानं इतरांइतकंच वाढलं, कमी नाही, जास्त नाही.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी मी भट्टीवाल्याच्या खोलीवर गेलो. एमआयडीसीलगत एका चाळीत तो एकटा राहायचा, कुटुंब पुणतांब्याला. तो चार्जमन झालेला नव्हता, अजून भट्टीवरच होता. बनियनवर दाढी करत होता. मी उंबऱ्याच्या आत खाटेवर बसून सांगितलं. एकदा सांगून झालं होतं म्हणून दुसऱ्यांदा सोपं जाईल असं वाटलं होतं, तसं झालं नाही. दाढीचा साबण त्याच्या गालावर वाळून गेला.

सगळं ऐकून झाल्यावर त्यानं पट्टी उजेडात धरून पाहिली आणि विचारलं, "शेड चाललंय का त्याचं?"

"सुरू झालंय. कोअर लांब जातात. वाटेत फुटतात."

"किती?"

"निम्मे म्हणाला."

"मंग वाळू वल्ली ठिवतोय." तो उठला, तोंड धुतलं, खुंटीवरचा शर्ट चढवला. "सतरा वर्सं सांगतोय त्याला, वल्ली ठिवतोस, वल्ली ठिवतोस. ऐकतोय का?" कोनाड्यातला डबा त्यानं उघडला, आत भाकरी आहे का बघितलं आणि पिशवीत टाकला. "पारनेरची गाडी कितीला हाय?"

"साडेनऊला आहे एक."

आम्ही दोघंही बाहेर आलो. मला चला म्हणायचा प्रश्नच नव्हता. दाराची कडी लावता लावता तो थांबला.

"सर, एक इचारू का? वर खातं लिवलेलं तसंच हुतं म्हणता."

"हो."

"वर्सं बी."

"हो."

"आन वाळूत तेवढ्या वर्सांचा त्यो एकटाच."

"हो."

"मंग सही कशाला कापली?"

त्यानं दाराला कुलूप लावलं, ओढून बघितलं आणि स्टँडच्या दिशेनं निघून गेला.